शब्दाचा सूर, वाक्याचा हेल

कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या गाडीची स्टेशनं एकदा मोठ्याने म्हणून पाहा: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. पहिल्या चार नावांच्या शेवटी तुमचा आवाज थोडा वर गेला असेल आणि खोपोलीवर खाली आला असेल. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. यादी अजून चालू आहे हे सांगायला मराठी माणूस आवाज वर ठेवतो आणि संपली की खाली आणतो. आता यादीतलं 'लौजी' उचलून एकटं म्हणा, कुणी "हे कुठलं स्टेशन?" असं विचारल्यावर म्हणतो तसं. या वेळी ते उतरेल. नाव तेच आणि गावही तेच. आवाज चढला की उतरला याने नावाच्या अर्थामध्ये काही फरक पडत नाही.

या चढ-उताराला आपण हेल म्हणतो, आणि आपला कान हेलाच्या बाबतीत फार तयार असतो. माणूस घाटावरचा की खालचा, आगरी बोलणारा की ठाकर वाडीतला, हे कर्जतच्या बाजारात शब्द नीट कळायच्या आधी कळतं. एकट्या 'हं'ने आपण होकार देतो, शंका विचारतो, पुढे बोला म्हणतो आणि मुलाला दटावतोही. तेव्हा मराठी माणसाला सुराचा कान नाही, असं जे सर्रास म्हटलं जातं ते खरं नाही. कान आहे, फक्त तो दुसऱ्या कामाला लागलेला आहे. मराठीत आवाजाची उंची वाक्यासाठी राबते. 'कर्जतला उतरून खोपोलीची गाडी पकडली' हे वाक्य सावकाश म्हणा. 'कर्जतला' खालून सुरू होऊन चढतं, 'उतरून' पुन्हा खालून चढतं, 'खोपोलीची गाडी' पुन्हा, आणि 'पकडली'वर आवाज उतरतो. शब्दांचा एकेक गट खालून वर नेत जायचा आणि शेवटी उतरायचं, ही चाल हिंदी आणि बंगालीसह दक्षिण आशियातल्या अनेक भाषांत सापडते. आपण ती आईच्या मांडीवर शिकतो आणि पुढे कोणतीही भाषा बोलताना बरोबर घेऊन जातो.

चिनी शिकताना नेमकी हीच चाल आडवी येते.

चिनी म्हणजे इथे मँडरिन, चीनची प्रमाण भाषा. तिच्यात आवाजाची उंची शब्दाच्या अंगातच असते. चार सूर आहेत. पहिला उंच आणि सपाट, दुसरा चढता, तिसरा खालचा, चौथा वरून झपकन उतरणारा. यांखेरीज काही अक्षरांना स्वतःचा सूरच नसतो. ती हलकी, आखूड असतात आणि मागच्या अक्षराच्या आधाराने बोलली जातात. चिनी भाषाशास्त्रज्ञ युआन-रन चाओ यांनी १९३० साली सुरांसाठी पाच पायऱ्यांचं माप मांडलं. १ म्हणजे आवाजाचा तळ आणि ५ म्हणजे माथा. त्या मापात पहिला सूर ५५, दुसरा ३५, तिसरा २१४ आणि चौथा ५१. आजही जगभरच्या चिनी वर्गांत पहिल्या दिवशी हेच चार आकडे किंवा त्यांच्या चार रेघा फळ्यावर येतात.

'माइ' हे अक्षर घ्या. तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. बाजारात याहून महत्त्वाचे दोन शब्द नसतील आणि त्यांच्यातला फरक फक्त आवाजाच्या उंचीचा आहे. एकेकटे उच्चारायला दोन्ही कठीण नाहीत. थोड्या सरावाने बहुतेकांना जमतात. अडचण सुरू होते ती 'मी विकत घेतो' किंवा 'मी विकतो' म्हणायची वेळ आली की, कारण तिथे 'माइ'च्या मागे 'मी' येतो, पुढे आणखी काही येतं, आणि शिकणाऱ्याच्या तोंडात मातृभाषेचा हेल हजर होतो.

मराठी माणसं चिनी बोलली आहेत, आणि ज्या परिस्थितीत चुकून चालत नाही तिथे बोलली आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकात होते. कोटणीस तिथे चिनी शिकले, त्या भाषेत जखमींशी बोलले, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवलं, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांचं चिनी नाव देवनागरीत साधारण 'ख तीह्वा' असं लिहिता येईल. शेवटचं 'ह्वा', म्हणजे चीन, पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांत होतं. या नावाचे सूर पाहा. 'ख' पहिल्या सुरात, उंच आणि सपाट. 'ती' चौथ्या सुरात, वरून खाली. 'ह्वा' दुसऱ्या सुरात, खालून वर. स्वरयंत्राच्या दृष्टीने हे सोपं नाव आहे. 'ख' जिथे संपतो तिथेच, माथ्यावर, 'ती' सुरू होतो. 'ती' जिथे तळाला टेकतो तिथूनच 'ह्वा' चढायला लागतो. कुठे उडी मारावी लागत नाही. तरीही मराठी माणूस सहज बोलण्याच्या ओघात ते म्हणू लागला की शेवट बिघडायची भीती असते. 'त्यांचं नाव अमुक' असं विधान संपताना मराठीत आवाज खाली येतो आणि इथे तर शेवटचं अक्षर वर जायला हवं. नाव सांगताना आपण प्रश्न विचारतोय असं आपल्याच कानाला वाटतं, आणि आपण ते दाबून टाकतो.

दुसरं नाव वसंत परांजपे यांचं. ते पेकिंग विद्यापीठात शिकले, परराष्ट्र सेवेत गेले, आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा माओंबरोबरच्या बोलण्यात दुभाषाचं काम त्यांनी केलं. त्यांचं चिनी नाव 'पाइ छुन्-ह्वेइ'. सूर दुसरा, पहिला, पहिला. 'पाइ' चढून माथ्याला पोचतो आणि पुढची दोन अक्षरं तिथेच सपाट धरायची असतात, अगदी शेवटपर्यंत. चढणं आपल्याला जमतं. अवघड आहे ते वर जाऊन तिथेच थांबणं, कारण मराठीत आवाज वर गेला की लगेच पुढच्या गटासाठी खाली येतो. दुभाषाला असा विचार करायला वेळ नसतो. दोन देशांचे प्रमुख समोर बसलेले असताना कोणत्या अक्षराला कोणता सूर हे आठवत बसता येत नाही. सूर वाक्याबरोबर आपोआप तोंडातून यावा लागतो. परांजप्यांना ते साधलं होतं, याबद्दल मला त्यांचं फार मोल वाटतं.

आता आवाजाचं यंत्र प्रत्यक्षात काय करतं ते पाहू. कर्जतला डोंगराच्या पायथ्याशी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, कारण पुढे बोरघाटात सदतीसला एक असा चढ आहे. पायथ्यावरून माथ्यावर गाडी उडी मारू शकत नाही. मधली चढण तिला कापावीच लागते, आणि वेळ लागतो. स्वरतंतूंचंही तसंच आहे. यि श्यू आणि श्युएजिंग सुन यांनी २००२ साली मोजून दाखवलं की चार अर्धस्वरांइतका बदल करायला माणसाला सेकंदाच्या एक दशांशाहून थोडा जास्तच वेळ लागतो, मग तो कितीही घाई करो. चिनी बोलण्याचा नेहमीचा वेग सेकंदाला पाच अक्षरांच्या आसपास असतो. म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा येतो आणि त्यातला निम्मा किंवा अधिक भाग मागच्या सुराच्या शेवटापासून आपल्या सुराच्या जागेपर्यंत पोचण्यातच जातो.

म्हणून वाहत्या बोलण्यात कोणताही सूर पुस्तकातल्या रेघेसारखा दिसत नाही. यि श्यू यांच्या १९९७ च्या अभ्यासात हे तपशीलवार आलं आहे. मागच्या सुराचा पुढच्यावर मोठा परिणाम होतो. पुढचा सूर मागचा जिथे संपला तिथून निघतो आणि अक्षर संपता संपता कुठे आपल्या खऱ्या जागी पोचतो. पुढच्या सुराचा मागच्यावर परिणाम होतो तो कमी, आणि उलट दिशेने: पुढे खालचा सूर येणार असेल तर आधीचा उंच सूर आणखी थोडा वर जातो. निरोप घेताना चिनी माणूस जे म्हणतो, 'चाइ-चिएन', त्यात चौथा सूर लागोपाठ दोनदा आहे. पहिला 'चाइ' तळापर्यंत उतरत नाही. अर्ध्यावरच थांबतो, कारण लगेच पुन्हा माथ्यावरून सुरुवात करायची असते. हे ज्याला माहीत नाही तो शिकणारा पहिलं अक्षर इमानेइतबारे तळापर्यंत नेतो, मग दुसऱ्यासाठी धडपडत वर येतो, आणि दोन अक्षरांच्या मध्ये नको तो खंड पडतो. प्रत्येक सूर पुस्तकाप्रमाणे बरोबर येतो, पण एकत्र ऐकताना बोलणं अडखळतं.

याच्याही वर चिनीत काही ठरलेले नियम आहेत, जे यंत्राच्या मर्यादेतून नव्हे तर भाषेच्या व्याकरणातून येतात. तिसऱ्या सुराच्या अक्षरापुढे पुन्हा तिसराच सूर आला तर पहिल्याचा दुसरा होतो, म्हणजे खालचा सूर चढता होतो. सगळ्या जगाला ठाऊक असलेलं 'नी हाव' हे याचंच उदाहरण आहे; दोन्ही अक्षरं मूळची तिसऱ्या सुराची, पण 'नी' चढता म्हणायचा. आता 'माइ'कडे परत या. 'मी' म्हणजे 'वो', तोही तिसऱ्या सुराचा. 'मी विकत घेतो' म्हणताना पुढचा 'माइ' तिसऱ्या सुराचा आहे, म्हणून 'वो' चढता होतो. 'मी विकतो' म्हणताना पुढचा 'माइ' चौथ्या सुराचा आहे, म्हणून 'वो' खालीच राहतो. 'नाही'साठी असलेल्या 'पू'ची गत याच्या बरोबर उलट आहे. तो मूळचा चौथ्या सुराचा, पण पुढे चौथाच सूर आला की चढता होतो. 'विकत घेत नाही' यात 'पू' उतरतो, 'विकत नाही' यात चढतो.

मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. माणूस घेतोय की विकतोय याची पहिली खूण 'माइ'मध्ये नसते. ती त्याच्या आधीच्या अक्षरात येऊन गेलेली असते. चिनी ऐकणाऱ्याचा कान 'वो' ऐकतानाच पुढच्या शब्दाची वाट पाहत असतो. शिकणारा मात्र 'माइ'वर सगळं लक्ष एकवटून बसतो, तो अगदी नेमका उच्चारतो आणि 'वो' कसाही सोडून देतो. मग आपण इतका बरोबर सूर काढूनही समोरचा क्षणभर गोंधळला का, हे त्याला कळत नाही.

शिकणाऱ्यांच्या चुकांचा बराच अभ्यास झाला आहे, मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांवर. त्यातले तीन निष्कर्ष आपल्या कामाचे आहेत. एलन ब्रोझलो आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं की अमेरिकन विद्यार्थ्यांना उतरता चौथा सूर सुटा ऐकवला की सहज ओळखता येतो, शब्दाच्या अखेरीस असला तरी येतो, पण मध्ये असला की चुकतो. कारण इंग्रजीत विधान संपताना आवाज उतरतो, त्यामुळे शेवटची उतरण ओळखीची वाटते आणि मधली उतरण परकी. मराठीतही विधान उतरूनच संपतं. मधल्या गटांचा मराठी हेल तर चढता असतो, तेव्हा वाक्याच्या मध्ये आलेला चौथा सूर मराठी तोंडाला इंग्रजी तोंडापेक्षाही अधिक छळणार, असा माझा तर्क आहे. स्वतःच्या दहा वाक्यांचं ध्वनिमुद्रण ऐकून वाचकाला तो पडताळता येईल.

दुसरा अभ्यास यूए वांग आणि सहकाऱ्यांचा, १९९९ चा. अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन आठवडे, चाळीस चाळीस मिनिटांच्या आठ बैठकांत, वेगवेगळ्या चिनी माणसांच्या आवाजातले सूर फक्त ऐकवून ओळखायला लावले. त्यांची ओळख सरासरी २१ टक्क्यांनी सुधारली आणि सहा महिन्यांनंतरही टिकली. पुढे २००३ मध्ये असंही दिसलं की उच्चाराचा काहीही सराव न करता, नुसत्या ऐकण्याने त्यांचे उच्चारही सुधारले होते. हे आनंदाचं आहे, पण ही सगळी ओळख सुट्या अक्षरांची होती. इथे तिसरा अभ्यास आठवावा लागतो, एरिक पेल्झल आणि सहकाऱ्यांचा, २०१९ चा. चिनी उत्तम येणारे परदेशी विद्यार्थी सुट्या अक्षरांचे सूर चिनी माणसांच्या तोडीने ओळखत होते. पण अख्खा शब्द चुकीच्या सुरात ऐकवून 'असा शब्द आहे का?' विचारलं की ते फसायचे आणि चुकीच्या सुराचा शब्द खरा मानायचे. सूर ऐकू येत होता, पण तो शब्दाचा भाग म्हणून मनात बसलेला नव्हता. इतकी वर्षं शिकूनही असं का व्हावं? माझ्या मते याचं मोठं कारण शिकवण्याच्या क्रमात आहे. सूर सुटा शिकवला जातो, सुटाच तपासला जातो आणि मग तो सुटाच राहतो.

तिसऱ्या सुराची कहाणी याचा ढळढळीत पुरावा आहे. २१४ हे माप, म्हणजे खाली जाऊन पुन्हा वर येणारी ती खोलगट रेघ, तिसरा सूर एकटा असताना किंवा बोलण्याच्या अगदी शेवटी असतानाच खरी असते. वाक्याच्या मध्ये, पुढे दुसरा कोणताही सूर आला तर तो फक्त खाली राहतो, वर येतच नाही; पुढे तिसराच आला तर तो चढता होतो. म्हणजे वाहत्या बोलण्यात ही प्रसिद्ध रेघ क्वचितच भेटते, आणि पाठ्यपुस्तकात मात्र पहिल्या पानावर तीच असते. विद्यार्थी ती मन लावून शिकतो आणि मग प्रत्येक तिसऱ्या सुराला वाक्याच्या मध्ये आवाज वाकवून पुन्हा वर आणतो. अक्षर लांबतं, वाक्य तुटतं, आणि शेवटी वर आलेला आवाज ऐकून समोरच्याला तो दुसरा सूर वाटतो. तिसरा सूर म्हणजे 'खालचा सूर' असंच आधी शिकवावं असं आता बरेच शिक्षक म्हणतात. ते मला पूर्णपणे पटतं. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत तर हा आग्रह धरायलाच हवा, कारण खालून वर जाण्याची सवय त्याला आधीच आहे. ती रेघ दाखवून आपण त्या सवयीला खतपाणी घालतो.

व्यंजनांच्या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे, आणि ते इथे सांगायलाच हवं, कारण अनेक जण भीतीनेच माघार घेतात. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक अर्थ बदलतो, आणि तो फरक इंग्रजी माणसाला महिनोन् महिने छळतो. आपल्याला तो बाराखडीतच मिळालेला आहे. रोमन लिपीत ब, द, ग दिसलं तरी म्हणायचं प, त, क, एवढंच लक्षात ठेवलं की झालं. 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च हे दोन वेगळे उच्चार मराठी माणूस न शिकता करतो, आणि चिनीतही ते दोन वेगळे आहेत. निरोपाच्या 'चाइ-चिएन'मध्ये पहिला च चाकातला आणि दुसरा चहातला. त्यामुळे आपली सारी मेहनत सुरांवर खर्च करायला मोकळी आहे.

चिनी सुरांच्या शास्त्राचा आपल्याकडच्या पठणाशी संबंध जोडणारं एक मतही आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस शन यूए (४४१–५१३) आणि त्यांच्या काळच्या कवींनी आपल्या भाषेत चार सूर आहेत हे प्रथम स्पष्टपणे मांडलं. चन यिनके या इतिहासकारांनी १९३४ साली असं सुचवलं की हे भान बौद्ध धर्माबरोबर आलेल्या भारतीय पठणातल्या स्वरांमुळे जागं झालं. या मतावर आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी जे भिक्षू राहत होते त्यांची भाषा प्राकृत होती, आणि उदात्त-अनुदात्ताचे, म्हणजे उंच आणि खालचे, वैदिक स्वर हे बौद्ध पठणाचं अंग नव्हतंच. हा वाद इतिहासकारांचा आहे. आपल्याला हवी आहे ती वेदपठणाची शिकवण्याची रीत.

वेदपाठकांपुढे प्रश्न हाच होता: सुट्या शब्दाचा स्वर आणि वाहत्या शब्दाचा स्वर एक नसतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात दुसरं पद 'ईळे' आहे. पदपाठात, म्हणजे एकेक शब्द सोडवून म्हणताना, त्याची दोन्ही अक्षरं अनुदात्त असतात. संहितापाठात, म्हणजे सलग म्हणताना, त्याच्या आधी 'अग्निम्' येतो, ज्याचं शेवटचं अक्षर उदात्त आहे, आणि त्या शेजारामुळे 'ई' स्वरित, म्हणजे या दोहोंचा मेळ असलेल्या स्वराची, होते. उदात्तामागून आलेल्या अनुदात्ताचा स्वरित होतो, असा नियम पाणिनीने आठव्या अध्यायात दिला आहे. चिनीतल्या 'वो' आणि 'पू'च्या नियमांचा हा सख्खा भाऊ आहे; फरक इतकाच की संस्कृतात आधीचं अक्षर पुढच्याला बदलतं आणि चिनीच्या त्या नियमांत पुढचं आधीच्याला.

पाठशाळेतला क्रम पाहण्यासारखा आहे. विद्यार्थी आधी संहिता शिकतो. गुरू संथा देतात, तो ऐकतो आणि ऐकलं तसं, वाहतं, परत म्हणतो. पदं सुटी करणं नंतर येतं. आणि त्यानंतर येतो क्रमपाठ: पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं, अशा जोड्या लावत पुढे जायचं. जोडीतला प्रत्येक सांधा वेगळा म्हटला जातो, त्यामुळे शेजाराने होणारा स्वराचा बदल तोंडात बसतो. चिनीच्या आधुनिक वर्गांत दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांचा सराव करून घेतात, तो क्रमपाठाहून वेगळा नाही. चार सूर गुणिले चार, अशा सोळा जोड्या होतात. तिसरा-तिसरा हा दुसरा-तिसरासारखाच ऐकू येत असल्याने कानाला पंधराच लागतात. त्यात हलक्या अक्षराच्या चार जोड्या मिळवल्या की एकोणीस. एकोणीस शब्द निवडून ते दीडेक महिना रोज म्हटले तर चिनी बोलण्यातल्या जवळजवळ सगळ्या सांध्यांची ओळख होते. चार सुट्या रेघांवर घालवलेल्या महिन्यांपेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे, आणि मी तर म्हणेन की सुट्या रेघा पहिल्या आठवड्यानंतर पुसून टाकाव्यात.

जोड्या बसल्या की वाक्य. इथे हेलाशी खरी गाठ पडते, कारण चिनीलाही हेल आहे. विधानात आवाज हळूहळू खाली सरकतो. वाक्याच्या शेवटचा उंच सूर सुरुवातीच्या उंच सुरापेक्षा बराच खाली असतो. प्रश्नात सगळी पट्टी वर उचलली जाते. जोर दिलेल्या शब्दाचा चढ-उतार रुंदावतो आणि त्यानंतरचे शब्द आक्रसतात. पण या सगळ्यात शब्दाचा आपला सूर टिकून राहतो. चाओंनी या दोघांचं नातं बेरजेचं म्हटलं होतं: सुरात हेल मिळवायचा, सुराच्या जागी हेल ठेवायचा नाही. 'तुम्ही विकता?' हा प्रश्न घ्या, 'नी माइ?' मराठीत 'विकता?'चा शेवट वर जातो. चिनीत 'माइ' प्रश्नातही उतरलाच पाहिजे. उंचावरून सुरू होईल, पण उतरेल. मराठी सवयीने तो वर नेला तर दुसऱ्या सुराचा 'माइ' होतो, आणि त्याचा अर्थ पुरणं. संदर्भावरून समोरचा सावरून घेईल, पण प्रत्येक वाक्यात त्याला सावरायला लावणं म्हणजे संभाषणाचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकणं.

तिसरे सूर तीन आले तर? 'मीही विकत घेतो' म्हणजे 'वो ये माइ', तिन्ही मूळचे तिसऱ्या सुराचे. घाईत पहिले दोन्ही चढते होतात. सावकाश, 'वो'नंतर किंचित थांबून म्हटलं तर 'वो' खाली राहतो आणि फक्त 'ये' चढतो. दोन्ही बरोबर आहेत. कोणता येणार हे वेगावर आणि शब्द कसे गटात बांधले यावर ठरतं, आणि ते नियम पाठ करून येत नाही. ते फक्त ऐकून येतं.

ऐकायला वेळ मात्र लागतो. कर्जत ते मुंबई शंभर किलोमीटर, लोकलने दोन तासांच्या आसपास. खोपोलीहून त्याहून अधिक. या पट्ट्यातल्या हजारो लोकांचा हा वेळ रोज दोनदा जातो. त्यात एखाद्या चिनी संभाषणाची चार-पाचच वाक्यं कानाला लावावीत आणि बोलणाऱ्याच्या बरोबरीने, त्याच्या मागे नव्हे, मनातल्या मनात किंवा ओठातल्या ओठात म्हणावीत. अर्थ आधी समजून घ्यावा, कारण अर्थाशिवाय म्हटलेला सूर पेल्झल यांच्या विद्यार्थ्यांसारखा सुटाच राहतो. घरी आल्यावर तीच वाक्यं मोठ्याने म्हणून ध्वनिमुद्रित करावीत आणि मूळ आवाजाला लागून लगेच ऐकावीत. ऐकताना फक्त तीन जागा तपासाव्यात: वाक्याच्या मध्ये आलेला चौथा सूर खरंच उतरला का, मधला तिसरा सूर खाली राहिला का, आणि शेवटचं अक्षर दुसऱ्या किंवा पहिल्या सुराचं असेल तर ते मराठी विधानासारखं गळून पडलं का. या तीन जागी मराठी हेल डोकं वर काढतो. तिथे तो आवरला की बाकीच्या चुका चिनी माणूस एरवीच समजून घेतो, जसं आपण बाहेरून आलेल्या माणसाचं मराठी समजून घेतो.